मंद्रातल्या सहा रचना

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमले नाहीत, त्याची आधी माफी मागते. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी वही कधी कोणाच्या हाती लागली तर वाचणाऱ्याला त्रास होईल, म्हणून सांगून ठेवलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढची तीस वर्षं वाण्याची यादी सोडून मी काही लिहिलं नव्हतं.

कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बाई राहतात. त्या गाणं शिकवतात. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला आहे. सकाळी नऊला जाते आणि संध्याकाळचा क्लास सुटला की गरम पोळ्या करून देऊन घरी येते. क्लास हॉलमध्ये भरतो आणि स्वयंपाकघराचं दार हॉलमध्येच उघडतं. त्यामुळे इतकी वर्षं कणीक मळताना, भाजी निवडताना माझ्या कानावर सा रे ग म पडत आलं. ऐकून ऐकून ते अंगात मुरलं. एकदा एका मुलीचा निषाद उतरला तेव्हा आत ओट्यापाशी माझं तोंड वाकडं झालं, आणि बाईंनी ते पाहिलं. तेव्हा त्यांना दिसत होतं.

"काय गं, आवडला नाही वाटतं?"

सगळ्या मुली हसल्या. मी ओट्याकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी मला पेटीसमोर बसवलं. तेव्हापासून दुपारी अर्धा-पाऊण तास त्या मला शिकवू लागल्या. पण चारचौघांत गायचं किंवा बोलायचं मला आजही जमत नाही. दुकानदाराने दहा रुपये कमी परत दिले तरी मी तशीच निघून येते.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच डाग. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वाचणं आता परत येणार नाही, इंजेक्शनांनी फार तर आहे ते टिकेल. बाईंनी आयुष्यभर बांधलेल्या साठ रचना चार वह्यांत होत्या. त्यातल्या कितीतरी त्यांनी कोणाला शिकवल्याही नव्हत्या.

"मी गेले की ह्या वह्या रद्दीत," त्या म्हणाल्या. "किलोवर."

म्हणून पुस्तक काढायचं ठरलं. बाईंचा मुलगा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिकडेच राहतो. मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी आपला जुना लॅपटॉप आणला आणि त्यात नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. क्लासमधल्या दोन मुली आठवडाभर आल्या, मग परीक्षा, नोकरी म्हणून यायच्या बंद झाल्या. तेव्हा बाई दादांना म्हणाल्या, "हिला शिकव."

"मावशींना? आई, अगं त्यांना इंग्रजी..."

"सात अक्षरं लागतात. तुला इंजिनिअर व्हायला किती लागली होती?"

दादांनी सात बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवले, सा रे ग म प ध नी. मग सप्तकांचं सांगितलं. ते मला आधीच ठाऊक होतं. गाणारा साधारण ज्या उंचीवर गातो ते मध्य सप्तक, त्याच्या खालचं मंद्र, वरचं तार. बाईंच्या क्लासात लिहितात तसंच त्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. मंद्र स्वराच्या पायाशी टिंब, तार स्वराच्या डोक्यावर टिंब, मधल्याला काही नाही. एक बटण धरून वरचा बाण दाबला की स्वर एक सप्तक वर जाई आणि खालचा दाबला की एक सप्तक खाली येई.

त्यात एक खोड होती. नुसतं अक्षर दाबलं की सॉफ्टवेअर आधीच्या स्वराला जवळचं सप्तक स्वतःच धरायचं. नी नंतर सा दाबला की वरचाच सा घेणार. ते बरोबर असे. पण पंचमानंतर खालचा सा हवा असला तरी ते वरच्या सा वर जाऊन बसे, कारण तो जवळ. मग दर वेळी बाणाने खाली आणायचं. बाई म्हणायच्या, "मेल्याला घरी परत यायचंच कळत नाही."

आमची कामाची पद्धत ठरून गेली. मी वहीतून मोठ्याने वाचत स्वर दाबायचे, ओळ झाली की वाजवून दाखवायची. बाई डोळे मिटून ऐकायच्या. बरोबर असलं तर "पुढे", चुकलं तर "मागे". तिसरा शब्द नाही. एक नियम त्यांनी दादांनाही बजावून ठेवला होता, "माझ्या कानाखालून गेल्याशिवाय एक ओळ छापायची नाही." वाचता येत नव्हतं, तेव्हा तपासायला त्यांच्याकडे कानच होता.

असं करत आठ महिन्यांत चोपन्न रचना झाल्या. तीन वह्या संपल्या. चौथी उरली. ती सगळ्यांत जुनी, बाईंच्या विशी-बाविशीतली, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात साधनेच्या, म्हणजे रियाजाच्या, सहा रचना होत्या.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम महिनाअखेरीस होता आणि त्यात पुस्तक द्यायचं होतं. छापखान्याने सांगितलं, सोमवारी फाईल मिळाली तरच वेळेवर होईल. त्याच आठवड्यात इंजेक्शन घेतल्यावर बाईंचा डोळा लाल झाला, सूज आली, आणि डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. दादा दवाखान्यातून फोनवर माझ्याशी बोलले.

"मावशी, किती राहिलंय?"

"सहा."

"वहीवरून होईल ना तुमचं?"

"होईल," मी म्हणाले. खरंच वाटलं होतं होईल.

शुक्रवारी सकाळी मी कुलूप काढून रिकाम्या घरात गेले. वही उघडली. अक्षर बाईंचंच, पण तरुण, तिरकं. पहिली रचना भूप रागातली. सा, मग ध. ध च्या डोक्यावर टिंब होतं.

मी सा दाबला, ध दाबला. सॉफ्टवेअरने आपल्या खोडीप्रमाणे जवळचा, खालचा ध घेतला, पायाशी टिंब असलेला. वहीत टिंब वर होतं. म्हणून मी बाणाचं बटण दोनदा दाबून तो ध दोन सप्तकं वर नेला. पुढे टिंबवाला प, टिंबवाला ध, आणि मग बिनटिंबाचा सा. आता यंत्र वरच जाऊन बसलेलं, त्यामुळे तो सा खाली ओढायचा. पुन्हा टिंबवाला ध, पुन्हा वर न्यायचा. प्रत्येक ओळीत हेच चाललं होतं. यंत्र स्वतःहून खाली जात होतं आणि मी त्याला ओढून वर नेत होते. आठ महिन्यांत एका ओळीला इतक्या वेळा बाण दाबावा लागला नव्हता. माझं मनगट दुखायला लागलं.

पहिली ओळ वाजवली. सा झाल्यावर जे वाजलं त्याने माझ्या दाताला कळ आली. पोरं पत्र्यावर खिळा ओढतात तसा आवाज. पुन्हा वाजवली. तसंच. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले आणि तिथेच उभी राहून गाऊन पाहिलं. सा लागला. वरचा ध लागेना. घसा फाटला आणि खोकला आला.

मला तेव्हाच कळलं होतं की काहीतरी चुकतंय. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे सगळ्यांनी माझी बाजू घेताना म्हटलं की बिचारीला काय कळणार. मला कळलं होतं. कानाला कळलं होतं. पण मी स्वतःला समजावलं, गळा माझा लहान, मोठे गवई गात असतील. वहीत टिंब आहे, ते बाईंच्या हातचं आहे, मी चौथी शिकलेली, मी कोण ते चुकीचं म्हणणारी.

तिसऱ्या रचनेत आणखी एक गोष्ट दिसली. दोन ठिकाणी सा च्या डोक्यावर छोटी उभी रेघ होती. आमच्याकडे उभी रेघ फक्त तीव्र मध्यमावर येते. सा वर कशी येईल? मी वही उजेडात धरून पाहिली, नखाने खरवडून पाहिली. शाईच होती. मी फोन हातात घेतला. दवाखान्यात फोन दादांकडे असणार, ते घाईत असणार, बाईंच्या डोळ्यावर पट्टी असणार. काय विचारायचं? की तुमच्या वहीत चूक आहे? फोन ठेवून दिला. त्या दोन रेघा मी सोडून दिल्या आणि सा मधलेच ठेवले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सहाही रचना झाल्या. सगळ्या शुद्ध स्वरांच्या होत्या. एखादा कोमल स्वर असता तरी त्याच्या वेगळ्या खुणेवरून मला शंका आली असती, पण तेवढंही नशिबात नव्हतं.

रविवारी दादा लॅपटॉप न्यायला आले. दारातच उभे, डोक्यावर हेल्मेट.

"झालं सगळं? आईने ऐकलंय ना?"

त्यांना वाटलं असावं, आजारी पडण्याआधीच बाईंनी बरंचसं ऐकलं. किंवा मी फोनवरून ऐकवलं. मी मान हलवली. तोंडाने हो म्हणावं लागलं असतं तर कदाचित जीभ अडली असती. मान आपोआप हलली. आम्ही बायका अशी मान दिवसातून शंभरदा हलवतो. ते "थँक्यू मावशी" म्हणून जिना उतरले. मी गॅलरीतून त्यांची गाडी गेटबाहेर जाईपर्यंत पाहत राहिले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

बाई मंगळवारी घरी आल्या. डोळ्यावर काळा चष्मा. जेवताना म्हणाल्या, "फाईल गेली म्हणे. त्या शेवटच्या सहा माझ्या ऐकायच्या राहिल्या."

माझ्या हातातली पळी थांबली.

"तू ऐकल्यास ना वाजवून?"

"ऐकल्या."

"मग झालं. तुला कान आहे."

वरण वाढायच्या निमित्ताने मी आत गेले आणि तिथेच उभी राहिले. त्या वेळी छापखान्यात एक फोन गेला असता तर कागद वाचले असते. मला ते माहीत होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज जाताना मी ठरवायचे की आज सांगेन, आणि रोज चपला काढताना तो विचार चपलांबरोबर बाहेर राहायचा. रात्री झोप लागेना. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय हाय गं? कूस बदलून बदलून गादी फाडशील." मी त्यालाही काही बोलले नाही. मनाशी म्हणत राहिले, बरोबरच असेल.

पुढच्या गुरुवारी दुपारी दोनशे पुस्तकांचे गठ्ठे आले. कार्यक्रम रविवारी होता. संध्याकाळी क्लासच्या मुली गोळा झाल्या. बाई पुस्तक हातात घेऊन कडेने बोट फिरवत बसल्या होत्या. मग त्यांनी ते सगळ्यांत मोठ्या शिष्येला दिलं. ती आता स्वतः शाळेत गाणं शिकवते, आम्ही तिला ताई म्हणतो.

"साधनेच्या रचना काढ. पहिली म्हण. पन्नास वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकली नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. ताईंनी तानपुरा लावला, सा धरला, पुस्तकाकडे पाहिलं आणि थांबल्या.

"बाई, सा नंतर एकदम तार धैवत आहे."

"काहीतरीच. खालचा असेल. नीट बघ."

"नाही बाई, वर टिंब आहे. पुढे पंचमही तारच."

त्यांनी प्रयत्न केला. आवाज चिरकला. मागच्या मुली खिदळल्या. बाई हसल्या नाहीत.

"शिडी लावून चढायचं आहे का? ही मंद्राची साधना आहे. पहाटे खर्ज लावायला बांधली मी. वही काढा बघू."

कोणीतरी कपाटातून कापडी वही काढली. ताईंनी पाहिलं. "वहीतही टिंब वरच आहे, बाई."

"आणि उभी रेघ? कुठल्या स्वरावर आहे का?"

ताईंनी पानं उलटली. "हो. तिसऱ्या रचनेत, सा वर."

  बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "जुन्या पद्धतीने लिहिलंय मी. माझ्या पहिल्या गुरूंची पद्धत. त्यात मंद्राला टिंब डोक्यावर द्यायचे, तार स्वराला उभी रेघ. पुढे परीक्षांसाठी सगळं बदललं. मी विसरूनच गेले होते."

मी ट्रे खाली ठेवला तेव्हा कप वाजले. त्या आवाजाने बाईंनी माझ्या दिशेने मान वळवली.

"तू वाजवून ऐकलंस म्हणालीस."

"हो."

"ऐकून काय वाटलं?"

वीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, म्हणावं, काही वाटलं नाही. तेवढ्याने सुटका होती. चौथी शिकलेल्या बाईला काय वाटणार, सगळ्यांनी मानलं असतं.

"वाटलं, चुकलंय."

"मग?"

 बाईंनी मुलींना घरी जायला सांगितलं. चहा तसाच गार झाला.

दादा खराडीहून दोन तासांनी पोचले. आल्या आल्या त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"मावशी, मी दारात उभं राहून विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"अहो मग..." त्यांनी कपाळावर हात मारला. "दोनशे प्रती छापल्यात. रविवारी लोक येणार आहेत. आई, मी रात्रंदिवस..."

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "टिंबाची चूक माझी. वही जुन्या पद्धतीची आहे, हे मी तिला सांगायला हवं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "पण मान हलवलीस ती तुझी. आणि माझ्यासमोर नुसतं 'ऐकल्या' म्हणालीस, तीही तुझी. मला दिसत नाही हे तुला ठाऊक आहे. मी तुझ्या कानावर टेकले होते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दादांनी छापखान्याला फोन लावला. नशिबाने सहाही रचना सोळा पानांच्या एकाच फॉर्म्यात होत्या. बांधणी उसवायची, तेवढा फॉर्मा नवा छापायचा, पुन्हा बांधायचं. उद्या दुपारी बारापर्यंत फाईल आली तर रविवारी सकाळी प्रती मिळतील. खर्च अठरा हजार.

"मी देईन," मी म्हणाले. इतक्या हळू की दादांनी "काय?" असं विचारलं.

"पैसे मी देईन. पगारातून."

"मावशी, काहीतरी बोलू नका."

"निम्मे देईल ती," बाई म्हणाल्या. "टिंबाचे नऊ हजार माझे, मानेचे नऊ हजार तिचे."

"आई! स्वयंपाकाच्या मावशींकडून पैसे घेणार तू?"

"घेणार. नाही घेतले तर ही जन्मभर माझ्याकडे खाली मान घालून पोळ्या लाटेल. तशा पोळ्या मला जायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेले. दादा रात्री तिथेच राहिले होते, त्यांनी लॅपटॉप लावून ठेवला होता. बाई आंघोळ करून पेटीपाशी बसल्या होत्या. पाच तास हातात होते.

मला वाटलं होतं, सगळी ओळ निवडून बाण दोनदा दाबला की खाली येईल. पण तसं करता येत नव्हतं, कारण ओळीत मधले स्वरही होते आणि ते खाली गेले असते. एकेक टिंबाचा स्वर धरून दोनदा खाली आणायचा. मी वर नेलेले मलाच उतरवायचे होते. पहिली रचना खाली आली आणि मी ती वाजवली. सा वरून ध इतका सहज उतरला, जसा माणूस ओसरीवरून अंगणात उतरतो. बाईंनी डोळे मिटले होते. "पुढे."

दुसरी. "पुढे." तिसरीत त्या दोन उभ्या रेघांचे सा मी तार सप्तकात नेले. सगळी रचना जमिनीलगत चाललेली, आणि दोनदाच तो सा वर चमकून जात होता. मी नखाने खरवडलेल्या त्या दोन रेघा. "पुढे."

साडेअकरा झाले. दादा येरझाऱ्या घालत होते. पाचव्या रचनेची चौथी ओळ वाजली. बाई म्हणाल्या, "पुढे."

मी पुढे जाईना. ओळीच्या मध्ये गंधारानंतर येणारा पंचम मधला हवा होता. घाईत त्याच्यावरही एकदा बाण दाबला जाऊन तो एक सप्तक खाली गेला होता. कानाला खटकलं होतं, पण बाई "पुढे" म्हणाल्या होत्या. रात्रभर डोळा दुखत होता त्यांचा, दमल्या असतील. आणि त्यांचा शब्द म्हणजे आठ महिने शेवटचा शब्द. 

"बाई, मागे."

दादा थांबले.

"काय म्हणालीस?"

"मागे जायला हवं. इथला पंचम मधला आहे. मी चुकून खाली नेलाय."

"मला नाही जाणवलं."

"मला जाणवलं."

बाईंनी पेटीवर ग आणि प वाजवून पाहिला. पुन्हा एकदा वाजवला. मग म्हणाल्या, "अगं मग बोल ना पटकन, बारा वाजायला आले!"

बाराला सात मिनिटं कमी असताना फाईल गेली. सहावी रचना वाजवून झाली तेव्हा बाईंनी मला पुन्हा पहिलीपासून सगळ्या ऐकवायला लावल्या होत्या. दादांनी घड्याळ दाखवलं तरी ऐकलं नाही. त्यांना घड्याळ दिसतही नव्हतं.

रविवारी सकाळी रिक्षाने प्रती आल्या, कार्यक्रमाच्या दोन तास आधी. ताईंनी पहिली रचना गायली. मंद्रातलं गाणं दूर पोचत नाही, म्हणून कोणीतरी सभागृहातले पंखे बंद केले. मी शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक धैवताला श्वास धरत होते. सगळे जागेवर होते.

घरी नवऱ्याला महिना संपल्यावर कळलं. तो हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, हिशेबाला पक्का.

"पगारात हजार कमी का हाय?"

मी सगळं सांगितलं. मान हलवली तेही सांगितलं.  मला वाटलं, आता भडकेल.

"म्हंजी चौथी पास बाईनं गवयांना झाडावर चढवलं व्हय?"

"हो."

"आणि उतरवलं पण तूच?"

"हो."

"मग फेड," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

मी दर महिन्याला हजार देऊ लागले. पगार हातात आला की त्यातली हजाराची रक्कम बाईंच्या पुढ्यात ठेवायची. दिवाळीच्या महिन्यात जमलं नाही, मी तसं तोंडाने सांगितलं. "बरं," बाई म्हणाल्या. दुपारी पेटीवर बसणं सुरूच राहिलं, पण पहिले दोन-तीन महिने आमच्यात काहीतरी ताठ होतं. त्या पूर्वीसारख्या "तुला कान आहे" म्हणत नव्हत्या. मीही वाट बघत नव्हते.

पावसाळ्याच्या आधी ताईंनी मला त्यांच्या शाळेची गाणी सॉफ्टवेअरवर लिहायचं काम दिलं, पानामागे पैसे ठरवून. त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या आणि निघाल्या. मी जिन्यापर्यंत मागे गेले.

"ताई, थांबा. टिंब वर म्हणजे तार की मंद्र?"

"तार. आता सगळे तसंच लिहितात, मावशी."

"सगळ्या वह्यांत?"

त्या परत वर आल्या, एकेक वही उघडून पाहिली, आणि एका वहीतलं एक गाणं त्यांनी आईकडून जुन्या पद्धतीने उतरवून घेतलेलं निघालं. त्यावर त्यांनी 'टिंब वर म्हणजे मंद्र' असं पेन्सिलीने लिहून दिलं. मला विचारताना धीर गोळा करावा लागला होता. तो अजूनही करावा लागतो. विचारायचं तेवढं विचारते.

ताईंच्या कामाच्या पैशांतून मी एका महिन्यात दोन हजार भरले. गेल्या आठवड्यात शेवटचे हजार राहिले होते. पगाराची वाट न बघता मी ते ताईंच्या पैशांतले घेऊन गेले. बाई जेवून पानाचा डबा शोधत होत्या. मी पाचशेच्या दोन नोटा त्यांच्या हातात दिल्या.

"हे काय?"

"शेवटचे."

"राहू दे आता. आठ दिलेस ना? पुष्कळ झाले."

"नाही बाई. घ्या."

त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. मी मान हलवली नाही, हात मागे घेतला नाही. त्यांनी नोटांच्या कडा बोटांनी चाचपल्या, पाचशेच्याच आहेत ना याची खात्री करून घेतली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून आत ठेवल्या.

"नऊ हजार पोचले," त्या म्हणाल्या.